एक आणा खरा, पंधरा आणे अंदाज

या ब्लॉगवर आजवर नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा किल्ला, तेरच्या भाजक्या मातीच्या मूर्ती असलंच लिहीत आलो. त्यामुळे आज कॉम्प्युटर गेममधल्या चित्रांवर लिहितोय म्हटल्यावर नातेवाईक मंडळी "याला आता काय झालं?" असं विचारणार, आणि ब्लॉगवाले मित्र म्हणणार की हा भाच्याच्या नादी लागला. मित्रांचं म्हणणं खरं आहे. पण विषय तसा माझ्या नेहमीच्या वाटेवरचाच आहे. जे हरवलंय ते उरलेल्यावरून कसं भरून काढायचं, हा इतिहासाच्या नादी लागलेल्यांचा जुना धंदा. गेली सात-आठ वर्षं हाच धंदा ग्राफिक्स कार्डं करताहेत, तोही सेकंदाला साठ-साठ वेळा. तो कसा सुरू झाला आणि कुठवर आला, ते जमेल तसं सांगतो.

आधी थोडा हिशोब, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणायचं. ८०० बाय ६०० ची रांगोळी असेल तर ठिपके झाले ४ लाख ८० हजार. आजच्या साध्या पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. आणि फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४००. सिनेमात ही चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात, नुसती दाखवायची. गेममध्ये तसं नसतं. खेळणारा कुठे वळेल ते आधी माहीत नाही, म्हणून प्रत्येक चित्र त्याच क्षणी काढावं लागतं. ऊन कुठून येतंय, सावली कुठे पडली, पाण्यात काय दिसतं, सगळं मोजून. फोर-के पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं काढायची तर जवळजवळ ५० कोटी ठिपके झाले, आणि हे एका सेकंदात!

इतकं काम झेपत नाही तेव्हा एक सोपी युक्ती असते. चित्र लहान काढायचं आणि ताणून मोठं करायचं. यालाच अपस्केलिंग म्हणतात. ही युक्ती आपण सगळ्यांनी नकळत वापरलेली आहे.

२००४-०५ च्या सुमाराचं आमचं उस्मानाबाद आठवा (२०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव, पण त्या आठवणी उस्मानाबादच्या आहेत). नेट कॅफे म्हणजे प्लायवूडचे खुराडे, वर एक गरगरणारा पंखा, आणि लोडशेडिंग सुरू होईपर्यंतचा वेळ. निम्म्या खुराड्यांत पोरं 'व्हाइस सिटी' खेळायची. हा गेम कॉम्प्युटरवर २००३ साली आला होता. मशीन जुनाट असायची, म्हणून कॅफेवाला रिझोल्यूशन कमी करून ठेवायचा. तरी चित्र फार वाईट दिसायचं नाही. त्याचं कारण तो पेटीएवढा जाड काचेचा मॉनिटर. त्याचे ठिपके एलसीडीसारखे पक्के आखलेले नसत, त्यामुळे लहान चित्रही तो पडदाभर सांभाळून घ्यायचा. पुढे सपाट एलसीडी आले. त्यांची रांगोळी पक्की आखलेली. तिच्यात लहान चित्र ताणून बसवलं की ते धुरकट दिसायला लागलं. अपस्केलिंगची डोकेदुखी खरी सुरू झाली ती तेव्हापासून.

चित्र ताणायचं म्हणजे मधले नसलेले ठिपके कुठून तरी आणायचे. सगळ्यात जुना उपाय म्हणजे शेजाऱ्यांना विचारणं. इकडचा ठिपका काळा, तिकडचा पांढरा, मग मधला करडा. जरा जास्त शेजाऱ्यांना विचारून गुळगुळीत सरासरी काढायची रीत रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडली. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बायक्युबिक' नावाने ती आजही भेटते. पण शेजाऱ्यांना कितीही विचारा, घरात काय होतं ते त्यांना थोडंच ठाऊक असणार? सरासरीने धूसरपणा येतो, नवी माहिती येत नाही.

जुने कार्ट्रिजवाले गेम (मारिओ, काँट्रा वगैरे) कॉम्प्युटरवर चालवणाऱ्यांनी वेगळी शक्कल लढवली. २००३ साली मॅक्सिम स्टेपिन यांनी 'एचक्यू२एक्स' नावाची पद्धत केली. एका ठिपक्याभोवती आठ शेजारी असतात. प्रत्येक शेजारी आपल्यासारखा आहे की वेगळा, एवढंच बघायचं. त्याच्या २५६ शक्यता होतात. प्रत्येक शक्यतेसाठी कुठली रेघ कशी ओढायची ते तक्त्यात लिहून ठेवलं. मारिओची टोपी एकदम गोल दिसायला लागली! कार्टूनसारख्या चित्राला हे चाललं. गवत, केस, भिंतीवरचा पोपडा असलं काही आलं की तक्ता संपला.

आता इथून दोन वाटा फुटतात. पुढची सगळी गोष्ट या दोन वाटांची आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

पहिली वाट आठवणीची. खिडकीला बारीक जाळी असेल तर अंगणातलं नीट दिसत नाही. आपण काय करतो? डोकं थोडं इकडे-तिकडे हलवतो. जाळीच्या तारेमागे लपलेलं दुसऱ्या क्षणी उघडं पडतं, आणि दोन्ही मिळून मनात पूर्ण अंगण उभं राहतं. १९८४ साली त्साई आणि हुआंग यांनी हेच गणितात मांडलं. लँडसॅट उपग्रह त्याच जमिनीचे फोटो पुन्हा पुन्हा काढतो, पण दर वेळी किंचित सरकून. ते सरकणं अर्ध्या-पाव ठिपक्याचं असलं तरी प्रत्येक फोटोत थोडी वेगळी माहिती येते. नीट जुळवले तर अनेक धूसर फोटोंतून एक स्पष्ट फोटो निघतो. याला म्हणतात सुपर-रिझोल्यूशन. आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत, प्रा. सुभासिस चौधुरी यांनी याच विषयावर काम केलं. त्यांनी संपादित केलेलं पुस्तक २००१ मध्ये आलं. मग २००५ मध्ये मंजुनाथ जोशींबरोबर दुसरं आलं, ज्यात कॅमेरा किंवा वस्तू सरकलेली नसतानाही, धूसरपणा किंवा छाया-प्रकाश यांच्या फरकातून माहिती कशी काढायची ते आहे. (चौधुरी पुढे २०१९ ते २०२४ आयआयटी मुंबईचे संचालक होते.) आम्ही कॅफेत 'व्हाइस सिटी'च्या धुरकट पाट्या वाचायची खटपट करत होतो, तेव्हा आपल्याच राज्यात कुणीतरी धूसर चित्रावर पुस्तकं लिहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी वाट अंदाजाची. मशीनला हजारो जोड्या दाखवायच्या, हे लहान चित्र आणि हे त्याचंच मोठं चित्र. जोड्या बघून बघून मशीन शिकते की असा धुरकट पट्टा दिसला की तिथे बहुधा पापणी असते, तसा दिसला की कौल. २०१४ साली हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातल्या चाओ डाँग आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्क वापरून हे करून दाखवलं. २०१८ मध्ये 'ईएसआरगॅन' नावाची पद्धत आली आणि हौशी मंडळी तिच्यावर तुटून पडली. जुन्या गेममधल्या भिंती, कपडे, जमिनी यांची चित्रं तिच्यात घालून 'नवी' करायची, असा उद्योगच सुरू झाला. काही फार सुंदर झाल्या.

पण अंदाज म्हटलं की धोका आला. आपल्याकडे त्यासाठी अगदी चपखल वाक्प्रचार आहे, 'ध चा मा'. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की राघोबादादांच्या पत्रात 'धरावे' होतं, ते कुणीतरी 'मारावे' केलं. खरंखोटं जाणकारांनी ठरवावं, पण एका अक्षराने काय होतं ते मराठी माणूस तेव्हापासून विसरलेला नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात 'व्हाइस सिटी'सह जीटीएचे तीन जुने गेम नव्या रूपात आले. त्यातली पुष्कळ चित्रं एआयने मोठी केलेली होती. लोक जुन्या प्रेमाने धावले आणि बघतात तर काय, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदललेली! मूळ पाटी इतकी बारीक होती की मशीनला अक्षर कळलं नाही. माणूस अशा वेळी म्हणतो, "दिसेना बुवा." मशीनला तसं म्हणता येत नाही. तिने काहीतरी लिहिलं, आणि तेही ठसठशीत.

एनव्हिडिया कंपनीची डीएलएसएस नावाची सोय सुरू झाली ती याच दुसऱ्या वाटेने. ऑगस्ट २०१८ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स २० मालिकेची कार्डं दाखवली. त्यांत एआयच्या गणितासाठी वेगळे 'टेन्सर कोअर' होते. कल्पना अशी होती की एकेक गेम घ्यायचा, त्याची अतिशय स्वच्छ चित्रं कंपनीच्या महासंगणकावर काढायची आणि त्या गेमपुरतं नेटवर्क शिकवायचं. मग घरातलं कार्ड लहान चित्र काढेल आणि नेटवर्क ते मोठं करेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'बॅटलफील्ड ५' आणि 'मेट्रो एक्सोडस' यांत लोकांनी ते बघितलं आणि नाकं मुरडली. चेहऱ्यावर व्हॅसलीन फासल्यासारखं चित्र. परीक्षण करणाऱ्यांनी दाखवून दिलं की रिझोल्यूशन थोडं कमी करून साध्या पद्धतीने ताणलं तरी त्याच वेगात याहून बरं दिसतं. एवढा महासंगणक लावून हाती आलं ते हे.

मग २३ मार्च २०२० रोजी डीएलएसएस २.० आलं. तारीख बघा, दोनच दिवसांनी आपल्याकडे लॉकडाऊन सुरू झाला. जग घरात बसलेलं असताना गेमच्या चित्रांत ही उलथापालथ झाली. आतमध्ये बदल काय झाला होता? अंदाजाच्या वाटेने निघालेली मंडळी आठवणीच्या वाटेवर आली होती. नव्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम काढताना कॅमेरा ठिपक्याच्या एका अंशाने मुद्दाम हलवतात, जाळीच्या खिडकीतून बघताना आपण डोकं हलवतो तसा. गेमला स्वतःला पक्कं माहीत असतं की कुठली वस्तू मागच्या फ्रेममध्ये कुठे होती आणि आता कुठे आहे. ती माहितीही मशीनला देतात. मग मागच्या फ्रेममधले खरोखर काढलेले ठिपके उचलून आत्ताच्या चित्रात योग्य जागी बसवायचे. नेटवर्कचं काम उरलं ते निवाड्याचं, म्हणजे कुठली आठवण अजून खरी आहे आणि कुठली शिळी झाली ते ठरवायचं. त्यामुळे दर गेमला वेगळं शिकवायची गरज संपली, एकच नेटवर्क सगळीकडे चाललं.

फ्रेमची आठवण ठेवून कडा गुळगुळीत करण्याची युक्ती गेमवाल्यांना आधीच माहीत होती. अनरियल इंजिनच्या ब्रायन कॅरिस यांनी २०१४ मध्येच त्यावर सविस्तर सांगितलं होतं. अडचण निवाड्याची होती. हाताने लिहिलेले नियम शिळी आठवण ओळखायला चुकत, आणि पळणाऱ्या माणसामागे त्याचं भूत ओघळत जाई. निवाडा शिकलेल्या नेटवर्ककडे गेल्यावर भूतं बरीच कमी झाली (संपली नाहीत). 'परफॉर्मन्स' मोडमध्ये चारातला एकच ठिपका खरा काढलेला असायचा, तरी बसल्या जागेवरून फरक ओळखणं अवघड झालं. गेल्या वीस वर्षांत चित्रांच्या बाबतीत मी इतकी मोठी सुधारणा इतक्या थोड्या काळात बघितलेली नाही.

आता भाच्याची गोष्ट. त्याच्या लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० कार्ड. २०१९ चं, स्वस्त, आपल्याकडे अतिशय खपलेलं. पण त्यात टेन्सर कोअर नाहीत, त्यामुळे कंपनी तीच असूनही डीएलएसएस नाही. ज्याचं मशीन दमतं त्याला टेकू हवा, आणि टेकू मिळायचा तो भारी मशीनवाल्यालाच. उन्हाळ्यात आमच्याकडे बाहेर ४० अंश, आत लॅपटॉप तापून पंख्याचं घरघर, आणि गेम अडखळत चाललेला. जून २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने एफएसआर आणलं. यात एआय नव्हतं, चांगल्या प्रकारे ताणणं आणि कडा तासणं एवढंच. पण ते कुठल्याही कार्डावर चालायचं, अगदी एनव्हिडियाच्याही, आणि त्याचा कोड एएमडीने सगळ्यांना खुला करून टाकला. मे २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तीही एआयशिवाय, पण आठवणीच्या वाटेने. त्याच वर्षी इंटेलचं एक्सईएसएस आलं. २०२२ मध्ये 'सायबरपंक २०७७' मध्ये एफएसआर आल्यावर भाच्याचा फोन आला, "मामा, लॅपटॉप नवा घेतल्यासारखा चालायलाय!" एका कंपनीच्या गिऱ्हाइकाचं मशीन दुसऱ्या कंपनीने तारलं, असं व्यापारात क्वचितच घडत असेल.

इथवर गोष्ट गोड आहे. पण कुठलीही सवलत फार दिवस सवलत राहत नाही, तिचा दस्तूर होतो. जुलै २०२३ मध्ये 'रेमनंट २' आला तेव्हा करणाऱ्यांनीच सांगून टाकलं की गेम अपस्केलिंग धरूनच बनवलाय. ऑक्टोबरात 'ॲलन वेक २' आला. त्याच्या कॉम्प्युटर कसा हवा या यादीत अगदी खालच्या पायरीलाही अपस्केलिंग गृहीत. म्हणजे कमजोर मशीनला दिलेला टेकू आता भिंतीचा भाग झाला, टेकूशिवाय भिंत उभीच राहत नाही. एक हिशोब करून बघा. १०८०च्या पडद्यावर 'परफॉर्मन्स' मोड लावला की आतलं खरं चित्र असतं ९६० बाय ५४०. ठिपके ५ लाख १८ हजार ४००. आणि कॅफेतलं ८०० बाय ६०० किती होतं? ४ लाख ८० हजार. वीस वर्षांत खरे काढलेले ठिपके जवळपास तेवढेच! प्रत्येक ठिपक्यामागची मेहनत अर्थात शेकडो पटींनी वाढलीय, आताच्या ठिपक्यात खरा प्रकाश आहे, खरी सावली आहे. तरीही आकडा बघून गंमत वाटते.

दरम्यान अंदाजाची वाट परत आली, आणि ती थेट पुढच्या मजल्यावर गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएलएसएस ३ ने ठिपकेच नव्हे तर आख्खी फ्रेमच बनवायला सुरुवात केली. खऱ्या काढलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये एक मशीनने कल्पलेली. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ आलं, त्यात एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत कल्पलेल्या. आता फोर-के पडद्यावर 'परफॉर्मन्स' मोड घ्या. चार फ्रेमचे ठिपके होतात ३ कोटी ३१ लाख ७७ हजार ६००. त्यांतले खरे काढलेले २० लाख ७३ हजार ६००. भागाकार केला तर बरोबर सोळावा हिस्सा.

आमच्या आजीच्या हिशोबात सांगायचं तर रुपयातला एक आणा. बाकी पंधरा आणे मशीनचे.

'सोळा आणे खरं' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला हा आकडा टोचतो खरा. पण न्यायाने बोलायचं तर या पंधरा आण्यांतले सगळे सारखे नाहीत. काही आठवणीचे आहेत. ते मागच्या फ्रेममध्ये खरोखर काढलेले होते, नुसते जागा बदलून आले. काही निव्वळ अंदाजाचे. आठवणीच्या आण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. डीएलएसएस ४ मध्ये आतलं नेटवर्कच बदललं (भाषेची मॉडेलं ज्या प्रकारची असतात तशा 'ट्रान्सफॉर्मर' प्रकारचं झालं), चित्र आणखी स्वच्छ झालं, आणि अपस्केलिंगपुरता तो भाग २०१८ च्या पहिल्या आरटीएक्स कार्डांनाही मिळाला. सात वर्षं जुन्या कार्डाला काही नवं मिळणं ही दुर्मीळ गोष्ट. उलट एएमडीचं मार्च २०२५ मधलं एफएसआर ४ पहिल्यांदा एआयवर गेलं, दिसायला खूप सुधारलं, पण आलं ते नव्या कार्डांपुरतं. सर्वांना खुलं असण्याची त्यांची मोठेपणाची गोष्ट तिथे अडली.

तक्रार आहे ती आणे मोजण्याच्या पद्धतीबद्दल. त्याच जानेवारीत व्यासपीठावरून सांगण्यात आलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सर्वांत भारी ४०९० एवढं काम देईल. हे 'एवढं काम' कल्पलेल्या फ्रेम धरून होतं. पण कल्पलेली फ्रेम डोळ्याला गुळगुळीतपणा देते, हाताला वेग देत नाही. बटण दाबल्यावर गेमने उत्तर द्यायला लागणारा वेळ खऱ्या फ्रेमवरच ठरतो. उलट मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम थोडा वेळ धरून ठेवावी लागते, म्हणजे उशीर किंचित वाढतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'ने तर १०८०ला सेकंदाला ६० फ्रेमची शिफारस लिहिली तीच कल्पलेल्या फ्रेम धरून. आता ६० म्हणजे नक्की किती, हे तुम्हीच ठरवा.

जुने शिलालेख, ताम्रपट छापतात तेव्हा एक साधा नियम पाळतात. दगड फुटलेला आहे, अक्षर गेलेलं आहे, पण मागच्यापुढच्यावरून अभ्यासकाला वाटतं की इथे अमुक अक्षर असावं. तो ते लिहितो, पण चौकोनी कंसात. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे दगडावर दिसत नाही, हे वाचणाऱ्याचं मत आहे. उद्या दुसऱ्या कुणाला वेगळं वाटलं तर वादाला जागा राहते. फुटलेली मूर्ती किंवा भांडं जोडणाऱ्यांचाही हाच दंडक, भरलेला भाग जवळून बघितल्यावर ओळखू आला पाहिजे. अंदाज करण्यात वाईट काही नाही, अंदाजाशिवाय इतिहास एक ओळ पुढे जाणार नाही. कंस तेवढा हवा. पडद्यावर कंस नाही. गेम आहे तोवर फारसं बिघडत नाही, एखाद्या राक्षसाला दोन केस जास्त आले म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. पण तीच विद्या आता गेममधून बाहेर पडून प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आलीय.

आणि आता जे सांगायचं ते मुख्यतः नातेवाइकांना.

आजीच्या पुण्यतिथीला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा एक फोटो आला, तो सगळ्यांनी बघितला. २००७ च्या लग्नातला, त्या वेळच्या ६४० बाय ४८० वाल्या मोबाईलने काढलेला. मूळ फोटोत आजीचा चेहरा जेमतेम चाळीस ठिपके रुंद आहे. आपल्याच एका पोराने प्रेमाने तो कुठल्याशा एआय ॲपमध्ये घालून स्पष्ट केला. काय सुंदर झाला! पापण्या वेगळ्या दिसतात, लुगड्याचे काठ दिसतात. पन्नासेक हात जोडलेले आणि फुलं. फक्त उमरग्याच्या आत्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गोंदण कुठंय?"

कपाळावरचं आणि हनुवटीवरचं ते हिरवट गोंदण चाळीस ठिपक्यांच्या चेहऱ्यात दोन-तीन ठिपक्यांचं होतं. मशीनला तो मळ वाटला असणार. तिने शिकताना जे चेहरे बघितले, त्यांत गोंदवलेल्या म्हाताऱ्या बायका फारशा नसणार. जे बघितलंय त्यावरूनच ती भरणार. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' नावाच्या अशाच एका प्रयोगात कुणीतरी बराक ओबामांचा धूसर फोटो घातला, तर बाहेर एका गोऱ्या माणसाचा चेहरा आला होता. जगभर चर्चा झाली. आमच्या आजीची चर्चा कोण करणार? पण झालं तेच. कपाळ स्वच्छ, हनुवटी स्वच्छ, आणि फोटोत दुसऱ्याच कुणाची तरी आजी.

पोराला कुणी रागावू नका, त्याने चांगल्या मनानेच केलं. एक मात्र ध्यानात घ्या. गेममध्ये ही विद्या साधली ती मशीनला जुन्या फ्रेम मिळाल्यावर. एकाच धूसर फोटोपुढे तिच्याकडे आठवण काहीच नसते, नुसता अंदाज. पुढे कधीतरी आपल्या नातवंडांपैकी कुणी तो 'स्पष्ट' फोटोच खरा धरणार, आणि आजीला गोंदण होतं हे आत्याबरोबर जाणार. म्हणून मूळ धुरकट फोटो कुणी पुसू नका. आणि स्पष्ट केलेला फोटो पाठवाल तेव्हा खाली एवढं तरी लिहा की एआयने केला आहे. तो आपला कंस.

दुसरी विनंती अशी की २००७ च्या त्या लग्नात फोटो काढणारे तुम्ही बरेच जण होतात. पेटीत पडलेले प्रिंट असतील, बंद पडलेल्या मोबाईलचं मेमरी कार्ड असेल, कुणाच्या मागे उभी असलेली, अर्धीच आलेली आजी असेल. धूसर असली तरी चालेल, तिरकी असली तरी चालेल. जसं आहे तसं, काही न करता मला पाठवा. एका फोटोत नाही ते दुसऱ्यात असेल, थोडं सरकून.